भिंगाची खालची बाजू

लाल नेलपॉलिशची बाटली. वर्षभरातली तिसरी. एकाही नखाला न लागता संपत आलेली.

*

एक राखाडी पँट. दोन महिन्यांत दोनदा शिंप्याकडे गेली, दोन्ही वेळा मागच्या बाजूला ठिगळ. शिंपी म्हणाला, "मास्तरांना सांगा, खुर्ची बदला. खिळा वर आला असेल तिचा."

*

विजेच्या सामानाच्या दुकानात एका बाईंनी दिवा हातात घेऊन एक प्रश्न विचारला. एकोणीस वर्षांत दुकानदाराला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो हसला, मग खोक्यावरचं चित्र आडवं-उभं करून पाहिलं आणि म्हणाला, हो.

*

जिन्यात पडलेलं फडकं. ओलं. घट्ट पिळलेलं.

*

बुधवार, संध्याकाळचे पावणेसात. दिवा लागला नाही.

चौदा

गुरुवारी सकाळी टेस्टरताईने तीनदा चहा गरम केला आणि तीनदा विसरली. कानामागे पेन खोचावं तसा ती टेस्टर खोचून हिंडायची, म्हणून सगळी गल्ली तिला टेस्टरताई म्हणायची. वडील वायरमन होते. त्यांच्या मागे त्यांची शिडी आणि त्यांची गिऱ्हाइकं दोन्ही तिच्याकडे आली. शिडी जड होती, गिऱ्हाइकं त्याहून जड.

सात वाजता फोन आला होता, मास्तरांच्या मुलाचा.

"तुम्ही जिन्यात बसवलेला तो सेन्सरचा दिवा काल लागला नाही. आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय."

"लागला नाही म्हणजे?"

"म्हणजे लागला नाही! ऑपरेशनला नेताना आई एवढं एकच वाक्य बोलली. मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलंय. बाकीच्यांच्या घरी तरी असं व्हायला नको."

गल्लीतल्या अकरा घरांनी असाच दिवा बसवायला सांगितलं होतं. साडेसातपर्यंत सहा घरांनी "सध्या राहू द्या" म्हणून कळवलं. सातव्याने नुसता अंगठा पाठवला. तो कशासाठी, ते तिला कळेना.

पण तिला आत कुरतडत होतं ते वेगळंच. या दिव्याच्या पोटाखाली तीन बारीक गोल खुंट्या असतात, पेचकसाच्या टोकाने फिरवायच्या. एक वेळेची, म्हणजे दिवा किती वेळ जळत राहील त्याची. एक अंतराची. तिसरी उजेडाची: बाहेर किती अंधारलं म्हणजे दिव्याने कामाला लागायचं. दिवा बसवला की ताई तिसरी खुंटी सूर्याच्या चित्रावर नेई, म्हणजे तो भर दिवसाही लागतो, वेळ पाच सेकंदांवर आणी आणि जिन्यात वर-खाली चालून बघे. मग तिन्ही खुंट्या जागेवर नेऊन प्रत्येकीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका, अर्धा खुंटीवर आणि अर्धा बाहेरच्या कडेवर. पुढे कुणी खुंटी फिरवली, की ठिपका फुटतो. वडील यासाठी लाल रंग वापरायचे. तिला नेलपॉलिश बरं पडे.

दहा दिवसांपूर्वी मास्तरांच्या घरी नेमकी त्याच क्षणी मावशीचा फोन आला होता. मावशीचा फोन म्हणजे अर्धा तास गेला. ठिपके दिले होते का? तिन्ही? उजेडाची खुंटी सूर्यावरून परत आणताना पार चंद्रापर्यंत नेली असली, तर पावणेसातच्या अर्धवट उजेडात दिवा लागणारच नाही. काळोख मिट्ट होईपर्यंत वाट बघत बसेल.

"अगं, बस जरा," आई म्हणाली. "घरात वारा सुटल्यासारखी काय फिरतेस?"

"आई, मी मास्तरांकडे ठिपके दिले होते का गं?"

"मला काय विचारतेस? नखांना लावलं असतंस तर मला दिसलं असतं."

ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मास्तरीणकाकूंचं हाड आपल्या हाताने मोडलं की नाही? नाही तर मग कुणाच्या? हे कळल्याशिवाय आता चहा काही घशाखाली उतरत नव्हता. तिने शिडी उचलली.

अकरा

मास्तरांच्या घरातला जिना चौदा पायऱ्यांचा. वरच्या सात उतरल्या की वळण, तिथे दोन पावलांची सपाट जागा, मग उलट दिशेने खालच्या सात. दिवा वळणावरच्या भिंतीत, डोक्याच्याही वर. भिंतीला अर्धा नवा रंग, अर्धी नुसती पुट्टी. रंगकाम मध्येच थांबलेलं.

दार मुलाने उघडलं. उंच, दाढी वाढलेली, रात्रभर दवाखान्यात जागलेला.

"बघा तुमचं काम," तो म्हणाला.

ताई शिडीवर चढली. तिने आधी टेस्टर दातात धरला. मग मान खाली घालून दिव्याच्या पोटाखाली पाहिलं.

एक ठिपका. अख्खा.

दुसरा. अख्खा.

तिसरा... जरा पसरट, घाईत दिलेला, पण अख्खा. खुंट्यांना कुणी हात लावला नव्हता. मावशीचा फोन कानाला असतानाच दिला असणार तो.

तिने खिडकीवर गोणपाट टांगून अंधार केला आणि जिन्यातून चालून पाहिलं. दिवा लागला. खालून आली, लागला. वरून आली, लागला. मुलगाही चालून आला, त्यालाही लागला.

"दिवा चांगला आहे," ती म्हणाली.

"आज चांगला आहे," तो म्हणाला. "काल का नव्हता ते सांगा. आज लागतो म्हणून काल लागला होता, असं होतं का?"

होत नव्हतं. ठिपके पाहिले की आपण सुटू, असं तिला वाटलं होतं. उलट अडकलीच. आता तिच्याकडे दोन खऱ्या गोष्टी होत्या आणि त्या एकमेकींशी बोलायला तयार नव्हत्या. दिवा बरोबर होता. काकू खोटं बोलत नव्हत्या.

"आता तरी दोघं खाली राहायला या म्हणतोय मी," मुलगा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "खालची खोली रिकामी आहे. पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवलीत. पण बाबा ऐकतील तर ना! त्यांना म्हणे त्यांची खिडकी हवी. शाळेचं मैदान दिसतं तिच्यातून."

वरच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं. आतून आवाज आला, "पाठ ताठ! शिडीवर वाकून उभी राहू नकोस. शाळेतही तुझं हेच होतं."

मास्तर तिला पीटी शिकवायचे. आज बत्तीस वर्षांनीही तिची पाठ आपोआप ताठ झाली. आणि पाठ ताठ झाली म्हणून डोळे भिंगासमोर आले.

भिंग म्हणजे दिव्याच्या खालचा तो दुधी, फुगीर घुमट. अंगाची हालती ऊब पकडतो तो. वरचा अर्धा भाग स्वच्छ होता. खालच्या अर्ध्यावर पुट्टीची पांढरी भुकटी बसली होती, आणि बोट फिरवलं तरी ती निघेना. चिकटून बसली होती.

दोन्हींच्या मधली रेघ पट्टीने आखावी तशी सरळ होती.

इथे कुणीतरी काहीतरी चिकटवलं होतं. आणि काढलंही होतं.

नऊ

"मी नाही," रंगारी म्हणाला. तो दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घरात काम करत होता, केसांत रंग, हातात ब्रश. "ताई, दिव्याभोवती कागद मी लावला, तो मंगळवारीच काढला. भिंगाला हात नाही. आणि ही बघा माझी चिकटपट्टी."

त्याने पिवळ्या कागदी पट्टीचं वेटोळं दाखवलं, मग एक तुकडा दातांनी तोडला. कड उंदराने खाल्ल्यासारखी.

"सरळ कापत नाही तुम्ही?"

"कात्री कोण शोधत बसणार? देवाने दात कशाला दिलेत?" तो हसला, मग थांबला. "पण भिंगावर एक पट्टी होती खरी. पांढरी, कापडी. मी कागद काढला तेव्हा दिसली. मला वाटलं, तुमचीच. तुमचे काय काय नखरे असतात, लाल ठिपके नि काय."

"माझी नव्हती."

"अजून एक सांगू का? हसू नका." तो ब्रश खाली ठेवून जवळ आला. "रोज संध्याकाळी मी पुट्टी घासून जायचो. पायऱ्यांवर हा एवढा थर. सकाळी आलो की पायऱ्या लख्ख! विचारलं, कोण पुसतं? सून म्हणते मी नाही. कामाची बाई म्हणते, मी जिना करतच नाही, तो माझ्या कामात नाही. एक दिवस मी अर्धा तास लवकर गेलो. तेव्हा पायऱ्या पुसलेल्या नव्हत्या. पण मधोमध एक रुंद पट्टा स्वच्छ होता, वरपासून खालपर्यंत. दोन्ही कडांना धूळ तशीच."

"पट्टा?"

"कुणी पोतं ओढत खाली नेलं असतं ना, तसा."

सून त्याच दुपारी भेटली. बारीक चणीची, कानावरचे हेडफोन गळ्यात उतरवलेले. घरून नोकरी करायची, तिची खोली जिन्याला लागूनच.

"मला तो दिवा आवडत नव्हता, हे मी लपवत नाही," ती म्हणाली. "दारावरच्या काचेतून थेट माझ्या तोंडावर उजेड. मीटिंगमध्ये सगळे विचारायचे, तुमच्याकडे विजा चमकतायत का! पण म्हणून मी त्याला काही करीन? माझा हात तरी पोचतो का तिथवर?"

नव्हता पोचत. ताईचाही पोचत नव्हता, शिडी लागली होती.

"बुधवारी काय झालं?"

"मी मीटिंगमध्ये. कानाला हे. धप्प आवाज आला पण मला वाटलं रस्त्यावर. मग आईंचं ओरडणं ऐकू आलं. बाहेर आले तर..." ती अडखळली. "जाऊ दे, ते सांगण्यासारखं नाही."

"सांगा."

"बाबा वळणावर उभे होते. दिव्याखाली. एक हात सरळ वर. पीटीत करतात ना, तसा! दिवा लागलेला. सात पायऱ्या खाली आई कण्हतायत, आणि हा माणूस हात वर करून उभा. मी ओरडले, बाबा, काय करताय? तर माझ्याकडे बघितलं, हात खाली घेतला, आणि जागचे हलले नाहीत. मीच त्यांच्या बाजूने धावत खाली गेले. ते वळणावरून नुसते बघत राहिले. नंतर वर निघून गेले, खोलीत. दवाखान्यातही आले नाहीत. चाळीस वर्षांचा संसार, ताई!"

तिचे डोळे भरले, पण रागाने.

"काकूंच्या हातात काय होतं तेव्हा?"

"आई म्हणतात, वाळलेले कपडे घेऊन उतरत होत्या. पण कपडे बिपडे मला दिसले नाहीत. एक ओलं फडकं होतं वळणापाशी. त्यावर पाय पडून मीच घसरले असते."

ताई घरी आली, जेवली नाही. भिंतीवर बोटाने रेघ मारत बसली. ज्याला दिवा नको असेल, तो सबंध भिंग झाकेल. अर्धंच का? वरच्या अर्ध्या भिंगाला उभा माणूस दिसतो. खालच्या अर्ध्याला दिसतं ते पायांपाशी हलणारं. ज्यांच्या घरी मांजर असतं, ते असंच करतात, खालचा भाग झाकतात.

म्हणजे पट्टी लावणाऱ्याला इतरांसाठी दिवा हवाच होता. फक्त कुणीतरी एकजण त्या भिंगाला दिसायला नको होता. खूप खालून जाणारा कुणीतरी.

मास्तरांच्या घरी मांजर नव्हतं. कुत्रं नव्हतं. रांगणारं मूलही नव्हतं.

मग त्या घरात इतकं खाली कोण चालतं?

सात

शुक्रवारी दवाखान्यात काकू उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा पण केस नीट विंचरलेले.

"तू का आलीस गं?" त्या म्हणाल्या. "तुझ्यावर आळ घेतला म्हणे आमच्या मुलाने. मी सांगते त्याला. तुझा दोष नाही."

"काकू, तुम्ही म्हणालात दिवा लागला नाही."

"नाहीच लागला."

"तुम्ही उतरत होता? चालत?"

"मग काय उडत? कपडे घेऊन येत होते."

"कपडे कुठे गेले?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. "पडताना कोण कपडे मोजतं?"

"फडकं सापडलं फक्त. ओलं."

"तू कामं सोडून हे काय करत बसलीस? पोलिसात नोकरी लागली का तुला?" त्या हसल्या, पण बोटं चादरीची कड चुरगळत होती. मग अचानक त्यांनी विचारलं, "मास्तर जेवतात ना गं वेळेवर?"

"ते इकडे आले नाहीत म्हणे."

"गर्दी आवडत नाही त्यांना." इतकं पटकन, इतकं तयार उत्तर. "त्यांना कुणी काही बोलू नका म्हणावं."

बाहेर व्हरांड्यात नर्स गोळ्यांचा ट्रे घेऊन चालली होती. ताईने तिला अडवलं. मास्तरीणबाईंच्या ओळखीची आहे म्हणाली.

"चांगली आहे बाई," नर्स म्हणाली. "पण एक सांगा, घरात सून, मुलगा, कामाला बाई... तरी या बाईंना फरशी कोण पुसायला लावतं? दोन्ही गुडघे सोललेत. आणि हे पडल्याचं नाही. हे रोजचं आहे."

ताई व्हरांड्यातच थांबली. समोरच्या खिडकीत एक माशी काचेवर वर चढत होती, पडत होती, पुन्हा चढत होती.

गुडघे. फडकं. लख्ख पायऱ्या. पोतं ओढल्यासारखा पट्टा. हात वर करून उभा असलेला उंच माणूस.

आणि शिंप्याची बायको तिच्याच गल्लीतली. गेल्याच आठवड्यात हसून सांगत होती, मास्तरांची पँट दुसऱ्यांदा आली, तीही बसायच्या जागी फाटून.

चार

शनिवारी सकाळी दहाला घराबाहेर गाडी उभी होती. मुलगा खालून ओरडत होता.

"बाबा! आज तरी येताय का? आई विचारतेय!"

"डोकं दुखतंय!" वरून उत्तर.

"तीन दिवस डोकंच दुखतंय यांचं," सून म्हणाली, कुणाकडेही न बघता.

ताई पुढे झाली. "मला पाच मिनिटं द्या. भिंगाची शेवटची तपासणी आहे. तोवर गाडी चालू करू नका."

"आणि ग्रुपवर काय लिहू मी?" मुलगा म्हणाला.

"पाच मिनिटांनी तुम्हीच ठरवा."

वरच्या खोलीत मास्तर खिडकीपाशी उभे होते, भिंतीसारखे ताठ. टेबलावर शिट्टी, स्टॉपवॉच, कात्री आणि पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचं वेटोळं. खेळाडूंच्या मुरगळलेल्या पायांना बांधतात ती. वेटोळ्याचं टोक सरळ कापलेलं, रेघेसारखं.

"काय बघतेस?"

"तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, पट्टी फाडायची नाही, कापायची. फाडली की कड सुटते."

मास्तरांनी कात्री टेबलाच्या कडेशी सरळ लावून ठेवली.

"सर, माझं चुकलं तर कान धरा. भिंगाच्या खालच्या अर्ध्यावर पट्टी होती, पांढरी, कात्रीने कापलेली. वळणावर उभं राहून शिडीशिवाय तिथं हात पोचणारी घरात दोनच माणसं, तुम्ही आणि तुमचा मुलगा. त्याला लपवायचं काही नाही. तो उभ्याने उतरतो."

"म्हणजे मी..."

"तुम्ही चढता व्यवस्थित. उतरताना गुडघे भार घेत नाहीत. माझ्या वडिलांचंही तसंच झालं होतं. म्हणून पहाटे कुणी उठायच्या आत आणि दुपारी सगळे आपापल्या खोलीत आणि रंगारी जेवायला गेलेला असताना तुम्ही पायरीवर बसता आणि एकेक पायरी सरकत खाली जाता. पूर्वी पहाटे अंधार असायचा, कुणाला दिसत नव्हतं. मग हा दिवा आला. सुनेच्या दारावरच्या काचेत लखकन उजेड, आणि तुम्ही बसलेले. म्हणून अर्धं भिंग झाकलं. उभ्याने जाणाऱ्यांना उजेड, बसून जाणाऱ्याला अंधार."

"पुरे."

खालून गाडीचा हॉर्न वाजला. मास्तरांचा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच थांबला.

"कळलं की मला खालच्या खोलीत टाकतील," ते म्हणाले, आवाज इतका हळू की ताईला पुढे व्हावं लागलं. "पडद्यांची मापं घेतलीत. चौतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, माणूस पाठीवरून ओळखतात. आणि मी पायऱ्यांवरून घसरगुंडीसारखा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण ती उभ्याने उतरते. तिला दिवा लागायला हवा होता. तिला का नाही लागला? तीन दिवस तेच डोक्यात फिरतंय माझ्या. मी मुद्दाम वरचा भाग मोकळा ठेवला होता गं! मी स्वतः चालून बघितलं होतं, वळणावर, उभ्याने!"

तिला हेच सांगायचं होतं आणि हेच सांगवत नव्हतं. तिने टेस्टर कानामागून काढला, पुन्हा खोचला.

"काकू उभ्या नव्हत्या, सर."

मास्तरांनी वळून पाहिलं.

"रंगकामाची धूळ होती पायऱ्यांवर. तुम्ही सरकत गेलात की मधोमध पट्टा उमटायचा. कुणालाही दिसला असता. एकदा रंगाऱ्याला दिसलाही. म्हणून कुणीतरी रोज, तुम्ही उतरून गेल्यावर, सगळ्या पायऱ्या कडेपासून कडेपर्यंत पुसायचं. गुडघ्यांवर बसून, उलटं, एकेक पायरी मागे सरत. बुधवारी दुपारचा पट्टा पुसायला उशीर झाला. संध्याकाळ झाली, अंधारलं. वरच्या सात झाल्या, वळण झालं. दिवा लागेल म्हणून त्या मागे सरत राहिल्या. भिंगाला त्या दिसल्याच नाहीत. मागचा पाय खालच्या पायरीऐवजी हवेत पडला."

खोलीत फक्त टेबलावरचं स्टॉपवॉच टिकटिकत होतं. मास्तरांनी ते कधी चालू केलं होतं, त्यांनाही माहीत नसावं.

"तिला माहीत होतं?" ते म्हणाले.

"दवाखान्यात अजून खोटं बोलतायत. म्हणे कपडे घेऊन उतरत होत्या."

"मी सात पायऱ्या उतरलो होतो गं," मास्तर म्हणाले. "ती ओरडली, दिवा लागला नाही, म्हणून. वळणावर आलो, उभा राहिलो. उजेड झाला. ती दिसली. पट्टी ओढून काढली. आणि सूनबाई बाहेर आली. अजून सात पायऱ्या होत्या. तिच्यासमोर मी..." त्यांनी हाताने डोळे झाकले. "मी उभा राहिलो. सावधानमध्ये. हा मूर्ख माणूस सावधानमध्ये उभा राहिला."

ताईने खिडकीबाहेरच्या मैदानाकडे पाहिलं. दोन दिवस तिला जे वाटत होतं, ते आता या माणसाच्या अंगावर जाऊन बसलं होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"मुलाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगशील?"

"अकरा घरांपैकी आठ घरं गेली माझी," ती म्हणाली. "पण मी फक्त एवढंच सांगायला आले, की दिव्याला आता सगळे दिसतात. भिंग पुसलंय मी. पुढचं तुम्ही बघा."

ती बाहेर आली. पायऱ्या उतरताना दिवा लागला, तिच्यासाठी. खाली मुलगा आणि सून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काय निघालं?" मुलगा म्हणाला.

तिने जिन्याकडे मान वळवली. कारण वर दार उघडलं होतं.

एक

मास्तर वरच्या पायरीशी आले. इस्त्रीचा शर्ट, ठिगळाची पँट, गळ्यात शिट्टी. कठडा धरून त्यांनी खाली पाहिलं. खिडकीवरचं गोणपाट तसंच होतं, जिन्यात अंधार.

"बाबा, थांबा, मी येतो धरायला," मुलगा पायरीवर चढला.

"जागेवर!"

मुलगा जागेवर थांबला. सूनही थांबली. ताईचीही पाठ ताठ झाली.

मास्तर हळूहळू वाकले. एक हात कठड्याला, दुसरा भिंतीला. आणि ते बसले. सर्वांत वरच्या पायरीवर, लहान मूल बसतं तसे, दोन्ही पाय पुढे.

दिवा लागला.

"बाबा?" सून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"एक," मास्तर म्हणाले, आणि खालच्या पायरीवर सरकले.

"दोन."

पुट्टीच्या धुळीतून पांढरा ढग उठला. मुलाने काही बोलायला तोंड उघडलं, मग बायकोकडे बघितलं. बायको दिव्याकडे बघत होती, मग मास्तरांच्या उजव्या हाताकडे, मग पुन्हा दिव्याकडे. बुधवारचं चित्र तिच्या डोक्यात उलटं फिरत असावं. तिने हेडफोन गळ्यातून काढले आणि हातात घट्ट धरले.

"सात." वळण. मास्तर तिथे थांबले, दम लागला होता. भिंगाखाली बसूनच त्यांनी वर पाहिलं. "याच्यावर पट्टी मी लावली होती. हिच्या दिव्यात काही खोट नव्हती. हे तुझ्या ग्रुपवर टाक."

"बाबा, ते राहू द्या आता..."

"टाक म्हणतोय ना! मी चौदाला पोचायच्या आत."

मुलाने फोन काढला. त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ताईच्या खिशातला फोन वाजला तेव्हा मास्तर अकरावर होते. तिने तो काढून पाहिला नाही.

"बारा. तेरा."

"चौदा!" त्यांनी मोठ्याने म्हटलं, जणू शंभर मीटरची शर्यत संपली. सून खाली बसली आणि तिने त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही. ती त्यांच्या पँटीवरची धूळ झटकू लागली, तसे ते म्हणाले, "राहू दे. अशीच दाखवायचीय तिला."

गाडीत बसताना त्यांनी ताईला खिडकीतून हाक मारली.

"तिसरा ठिपका पसरट आहे तुझा. घाई केलीस."

"मावशीचा फोन होता, सर."

"कारणं नकोत," मास्तर म्हणाले, आणि गाडी निघाली.

जमीन

दिवा काकूंनी स्वतः दुकानात जाऊन निवडला होता, भिंगावर पट्टी लागायच्या सहा दिवस आधी. दुकानदाराला त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: पायरीवर बसून खाली सरकणारा माणूस याला दिसेल का?